आमच्या घरातली दारू कशी कमी झाली

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे आरोग्य अधिकारी, आज ज्या निवृत्त होताहेत त्या पाहणीवाल्या ताई, आणि समोर जमलेल्या बंधू-भगिनींनो,

मला ताईंनी बोलावलेलं नाही. कोणाच्या घरी काय ऐकलं, हे त्या गळा धरला तरी सांगणार नाहीत. मीच कार्यालयात जाऊन म्हटलं, ज्यांच्या दारात त्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीला बोलू द्या. साहेबांनी परवानगी दिली, त्यांचे आभार.

जिल्ह्यात दारू कोण पितं, नशेच्या गोळ्या कोण घेतं, मोठे किती, पोरं किती, हे घरोघर विचारायचं ताईंचं काम. घरं चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि दर खेपेला त्याच घरी जातात. पहिल्यांदा मी दार अर्धंच उघडलं. म्हटलं, "आमच्याकडे तसलं काही नाही. शेजारी जा, तिथे भरपूर मिळेल."

"शेजारची चिठ्ठी निघाली नाही ना, वहिनी," ताई म्हणाल्या.

त्या येत राहिल्या. शेवटी आमचे हेच आतून ओरडले, "येऊ दे गं त्यांना! विमावाल्यांपेक्षा चिवट दिसतात."

हे वेल्डर होते. ताईंचा नियम असा, की माणसाला एकट्याला विचारायचं, आणि उत्तर काहीही येवो, चेहरा हलू द्यायचा नाही. उपदेश तर नाहीच. मला स्वयंपाकघरात पाठवलं. ताई गेल्यावर हे म्हणाले, "सगळं खरं सांगितलं. उठल्याउठल्या लागते, तेही. ती 'बरं' म्हणाली आणि पुढचं विचारलं."

"मला कधी सांगितलं नाहीत ते?"

"तू विचारतेस कुठे? तू भांडतेस."

त्यानंतर ते आपणहून माझ्याबरोबर दवाखान्यात आले. यकृत तोवर गेलं होतं. वर्षही निघालं नाही.

पुढच्या खेपेला ताई आल्या. घरात पिणारं कोणी? मी म्हटलं, कोणी नाही. त्यांचा चेहरा तेव्हाही हलला नाही. निघताना मात्र चपला उलटसुलट पायांत घातल्या आणि तशाच जिना उतरल्या.

मघाशी अध्यक्षसाहेब म्हणाले, जिल्ह्यातली दारू कमी झाली, म्हणून पाहणी बंद, ताईंच्या जागी कोणी येणार नाही. साहेब, मी रागावून बोलत नाही. पण आमच्या घरातली अशी कमी झाली. समोरच्या रंगाऱ्याच्या घरातलीही अशीच. गेलेला माणूस पाहणीत धरत नाहीत.

माझा मुलगा आता गॅरेजात कामाला आहे. कपडे धुताना त्याच्या खिशात गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. काल त्याला समोर बसवलं. ताईंसारखं विचारायचं ठरवलं होतं. पहिल्याच प्रश्नाला माझ्या डोळ्यांना धार लागली.

तो म्हणाला, "आई, रडणार असशील तर विचारू नकोस. त्या पाहणीवाल्या मावशी कधी येणार आहेत?"

ताई, तुम्ही आमच्याकडे फक्त विचारलंत, त्याचे उपकार मोठे आहेत. तुम्हाला आता विश्रांती मिळो. मला सभेत बोलायची सवय नाही. कमीजास्त बोलले असेन तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. फक्त अध्यक्षसाहेब, सभा उठण्याआधी एवढं सांगा, घरी जाऊन मुलाला काय सांगू?