कॅसेट संपायची ती जागा

नाही हो काका, बँड मिळेल, मे महिन्याच्या चौदाला सॅक्सोफोनवाला तेवढा नाही — दुसरा? दुसरा कुठला, एकच आहे आमच्याकडे — हो, द्वारकेच्या लग्नाच्या वरातीत पाहिलात तोच, टोपी डोळ्यांवर ओढलेला — अगं बाई! — काही नाही, रिक्षाचा हॉर्न. मला वाटलं मालनकाकूच आल्या, माझ्या होणाऱ्या सासूबाई, ब्लाउजच्या मापाला न्यायला येणारेत. बसा ना.

हे वाजतंय ते? सत्तर वर्षांपूर्वीचं, अमेरिकेतलं सॅक्सचं रेकॉर्डिंग, कंपनीनं आता पुन्हा काढलंय — आधी सॅक्सभोवती सोळा व्हायोलिनं, नुसती गराडा घालून, आणि मागच्या भागात वादक चौघंच, मोकळे. ओळखलंत? बरोब्बर, वरातीतलीच धून! वाल्मीक मास्तरांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, कॅसेटवरून बसवलेली — कॅसेट मध्येच संपायची, खट्ट, आणि अण्णांना वाटलं धूनच तिथं संपते. वीस वर्षं बँड तिथंच तोडतोय आणि लोक म्हणतात, काय स्टाइल आहे मास्तर! पुढं अजून आहे हे मला परवा कळलं — व्हायोलिनं गप्प होतात आणि हा सॅक्सवाला एकटाच जातो, वर, अजून वर, कुणी अडवतच नाही — रोज दुपारी शटर ओढून मी बोटं बसवते —

म्हणजे ऐकते. ऐकते म्हटलं मी. अंगठ्याकडे काय बघताय? घट्टा? भाजी चिरून — बरं, नाही चिरत मी भाजी. अण्णांना दोन वर्षं दम लागतो काका, आत झोपलेत, हळू बोला. युनिफॉर्म त्यांचाच, खांद्यात आत घेतलाय. बँडमधल्यांना माहीत आहे, बाकी कुणाला नाही. मालनकाकूंना वाटतं, मुलगी बी.कॉम. आहे, वडिलांची बुकिंगं लिहिते — त्यांच्याकडे मुली मोठ्यानं हसतसुद्धा नाहीत, आणि ही भर रस्त्यात सॅक्स फुंकते म्हटल्यावर —

चौदाला का नाही? अहो, चौदाला माझंच लग्न आहे. पंधरालाही नाही मिळणार मग सॅक्सवाला. कधीच नाही. पण काका, तुमच्या समर्थचा साखरपुडा आठला आहे म्हणालात ना? बोलवा की बँड! साखरपुड्याला कुणी बोलवत नाही, माहीत आहे, पण बोलवा — मी पूर्ण वाजवीन, तुटतं त्याच्या पुढचं, एकदाच, लोकांसमोर —

अगं बाई! मालनकाकू — या ना, या, आवाज नाही आला चपलांचा. हे होय? असंच आपलं, बंद करते — खट्ट. नाही नाही, हे काका निघालेच होते. या हं काका.

सॅक्सवाला नाही आमच्याकडे.