खुडणीचं पहिलं बक्षीस

...नाही, मला एक सांगा, चहा ही काय बघायला जायची गोष्ट आहे? प्यायची गोष्ट आहे! घरी गॅस आहे, पातेलं आहे, तिथे बघा की! पण नाही. आमचे मेहुणे, बायकोचे थोरले बंधू, रविवारी सकाळी सहाला गाडी घेऊन दारात हजर. "चला भावोजी, तीन तासांचा तर रस्ता! तुमच्या वडिलांचा मळा बघू!"

वडिलांचा मळा! तुम्हाला म्हणून सांगतो, ही थाप माझीच. लग्न ठरताना मारलेली. वडील डोंगरात चहाच्या मळ्यावर मॅनेजर होते म्हणून. अहो, कसले मॅनेजर! वडील मला आठवतसुद्धा नाहीत. आई पाला खुडायची तिथे, पाठीला टोपली बांधून, दिवसभर उतारावर उभी. आता हे मुलीवाल्यांना सांगतं का कोणी? झालं! अठ्ठावीस वर्षं ते मॅनेजर मी पोसले. त्यांना बंगला दिला, घोडा दिला, शेवटी शेवटी तर कुत्रासुद्धा दिला...

तर पोचलो आम्ही तिघं, बायकोही बरोबर. मनात एकच धाकधूक, कोणी ओळखलं तर? तिथे एक गाईड, गळ्यात शिट्टी. "पाहुण्यांसाठी खुडणीची स्पर्धा! दहा मिनिटं!" जी टोपली माझ्या पाठीला लागू नये म्हणून आईने मला शहरात शिकायला धाडलं, ती मी हौसेने बांधायची! सांगा, चहा ही काय बघायला जायची गोष्ट आहे?

मेहुणे मूठमूठ पाला ओरबाडत होते. म्हटलं, आपणही ओरबाडू. पण लहानपणी आईच्या मागे फिरून शिकलेले हात ऐकतात का? दोन पानं एक कोंब, दोन पानं एक कोंब, मूठ भरली की डाव्या खांद्यावरून मागे... शिट्टी वाजली तेव्हा टोपली गच्च! आणि वजन करणारी म्हातारी काटा सोडून माझ्याकडेच बघतेय. "डाव्या खांद्यावरून टाकणारी इथे एकच बाई होती. उजवा दुखायचा तिचा. तू तिचा कोण रे?"

समोर मेहुणे, शेजारी बायको. मी म्हणालो, "कोणी नाही."

कोणी नाही! जीभ कशी झडली नाही माझी! चार वर्षं झाली आईला जाऊन, आणि तिच्याच मळ्यात उभा राहून मी... म्हातारीने टोपली रिकामी केली. पहिलं बक्षीस मला, चहाचा पुडा. मेहुण्यांनी टाळ्या पिटल्या, "शेवटी मॅनेजरचं रक्त!"

परतताना मेहुणे टायर बघायला उतरले, तेव्हा बायको हळूच म्हणाली, "सांगायचं होतं की त्या बाईंना."

"काय सांगायचं?"

"आईंचं. मला लग्नाआधीपासून माहीत आहे. पाला खुडून बोटं काळी पडलेली बघून मीच विचारलं होतं. म्हणाल्या, खरंय, पण तुला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नकोस. ओशाळेल तो."

म्हणजे बघा! पाहुणे आले की आई हात मांडीखाली दडवून बसायची माझ्या घरात, मॅनेजरीणबाई बनून. मला वाटायचं, बायकोपासून लपवतेय. आणि ती लपवत होती माझ्यासाठी! एकट्या माझ्यासाठी!

मी मेहुण्यांना ओरडून म्हणालो, "गाडी फिरवा! परत वर चला!"

"का हो भावोजी? काय राहिलं?"

तोंड उघडलं मी. आता बोलायचंच. आणि तुम्हाला सांगतो, काय निघालं असेल तोंडातून? "चष्मा." तो नाकावरच होता! मेहुणे पोट धरून हसले आणि गाडी खाली शहराकडे आणली.

पुडा फोडलेला नाही अजून. फळीवर आहे, समोरच. बायको रोज विचारते, "करू का त्यातला?" मी म्हणतो, राहू दे गं... चहा ही बघायचीच गोष्ट आहे.