बापाच्या दारात थांबलेली होडी

सगळी चूक कामतोंग आजोबांची! नाव घेऊनच सांगतो, मागून कुजबुज आपल्याला जमत नाही. माझे चुलत आजोबा, वय ब्याऐंशी, कानाला कमी, आणि गावच्या, पुढे ड्रॅगनचं डोकं लावलेल्या शर्यतीच्या होडीवरचा ढोल अजून त्यांच्याच मांडीत! का? तर मोठी माणसं, बोलायचं नाही!

तुम्हाला सांगतो, यंदाच्या शर्यतीत मी जीव ओतला होता. शाळा सोडल्यापासून घरात माझं नावच रिकामटेकडा. आणि काठावर कोण उभं? शहराच्या होडी-शर्यत संघासाठी पोरं निवडणारे क्वान सर! आदल्या दिवशीच म्हणाले होते, "फाय, पहिल्या वल्ह्यावर तूच ना? होडी पहिली आण, सोमवारी बॅग भरून ये." पगार, खोली, जेवण... आणखी काय हवं हो माणसाला?

सुटलो! कालव्याच्या शेवटच्या वळणाला बाकीच्या होड्या कुठल्या कुठे मागे, आणि समोर आलं शाचुंग गावचं देऊळ. आता शाचुंगच्या होडीवरचा ड्रॅगन म्हणजे आमच्या होडीवरच्या ड्रॅगनचा मानलेला बाप. त्याच्या देवळावरून जाताना थांबून तीनदा मान तुकवायची, ही रीत. पण ती भेटीगाठीच्या दिवशी हो! शर्यतीत कोण बापाला भेटायला जातं?

आजोबा जातात! धडाधड वाजणारा ढोल एकदम ढुम्... ढुम्... ढुम्... आणि ढोल म्हणेल तसं हात वागणार, हे आमच्या हाडांत मुरलेलं. सगळी वल्ही उभी! "आजोबा, शर्यत चाललीय!" मी बोंबललो. "गप रे! बापाच्या दारावरून तोंड फिरवून पळायचं? लाज आहे का?" तुम्ही म्हणाल, तू तरी मारायचंस की वल्हं! अहो, माझंही उभंच होतं ना! तोंडात शिव्या आणि हात सलामीला!

मग होडी मागे घ्या, पुढे न्या, ड्रॅगनचं डोकं झुकवा, पुन्हा मागे... शेजारून एकेक होडी सुळकन पुढे! काठावर शाचुंगचे म्हातारे डोळे पुसतायत, "वा, काय वळण आहे पोरांना!" म्हणत फटाके लावतायत, आणि क्वान सर... क्वान सरांची पाठ दिसली फक्त.

संध्याकाळच्या पंगतीत बदकाची तंगडी कुणाला? आजोबांना! वर मलाच उपदेश, "शर्यत दरवर्षी असते पोरा, बाप एकच असतो." सगळे काका माना डोलावतायत. मी भात गिळला. मोठी माणसं, बोलायचं नाही!

सोमवारी पहिल्या आलेल्या होडीतला पोरगा शहरात गेला. संघात एकच जागा होती. ती गेली.