मूलपेशीचा विग्रह

— अरे, नको, नळी अशी ओढू नकोस, तुटेल. आधी मोटर बंद कर, मग ते तोंड उघड आणि हवा आपोआप जाऊ दे. ही गादी रिकामी व्हायला चांगली दहा मिनिटं घेते, तोवर बस तिथे. अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस हं — तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, पन्नाशीच्या आतला माणूस दिसला की तोंडातून 'तू'च येतं. दिपेश ना? मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं काय, एअर बेड आहे, गरजूने न्यावा, आणि तासाभरात तुझा फोन — कुठून कुठे पोचतं कोण जाणे! शीळफाट्याहून इथे नौपाड्यात यायचं म्हणजे दुपार गेली तुझी. पाणी घे.

वडील किती दिवस पडून आहेत? पाच महिने. कमरेखाली काहीच नाही? अगदी आमच्यासारखंच मग. बरं, ऐक. गादी आणली म्हणजे झालं असं समजू नकोस. दोन-दोन तासांनी कुशीवर वळवायचं, ते चुकवायचं नाही. कोण करतं? बायको — एकटी? मग तू काय करतोस? हसू नकोस, विचारतेय. चादरीला एक सुरकुती राहता कामा नये. आणि माकडहाडाशी रोज बघायचं, उजेडात, डोळे फाडून. आमच्याकडे आधी रुपयाएवढा लाल डाग होता. मी म्हटलं घामोळं असेल, पावडर लावली. त्यांना दुखतच नव्हतं रे! दुखलं असतं तर ओरडले असते, ओरडण्यात आमचे भाऊ कुणाला हार जाणारे नव्हते — भाऊ म्हणजे माझे यजमान, मुलगासुद्धा भाऊच म्हणायचा. पंधरा दिवसांत कातडी गेली, महिन्यात मूठ मावेल एवढा खड्डा. ड्रेसिंगला बाई यायची ती नाकाला ओढणी लावायची आणि मी उदबत्ती लावायची. भाऊ म्हणायचे, "सरोज, मी अजून आहे हं, आत्तापासून उदबत्ती नको." असा माणूस.

ती फाइल कसली? बघू. दे की, चावत नाही मी. — हाच. हाच तो कागद! तुलाही दिला? डॉक्टर योगिनीनेच? हो, पोरगी चांगली आहे, तिचा काही दोष नाही. 'चिघळलेल्या शय्याव्रणांवर स्वजात मूलपेशींचे रोपण.' वाचलंस तू? नाही? कळेना म्हणून सोडून दिलंस? शहाणा आहेस. मी वाचलं, वर कळूनही घेतलं, तिथेच माती खाल्ली.

योगिनीने तोंडी सांगितलेलं तसं. प्रयोग आहे, हमी देत नाही, पण नुसत्या ड्रेसिंगने हा खड्डा भरणार नाही. पेशी काढायच्या, जखमेच्या कडेकडेने टोचायच्या, म्हणजे मांस आतून भरून यायची आशा असते. जंतू हाडात उतरले की मग हेही करता येणार नाही, महिन्याच्या आत ठरवा म्हणाली. बाहेर ही रांग, ती घाईत. हातात हा कागद दिला. मी घरी आले, चष्मा लावला, लाल पेन घेतलं — सवय रे, जात नाही — आणि विग्रह केला. विग्रह म्हणजे जोडशब्द सोडवायचा, राजपुत्र म्हणजे राजाचा पुत्र, तसा. मूलपेशी — मुलाच्या पेशी. षष्ठी तत्पुरुष. आणि स्वजात? स्वतःपासून जन्मलेलं. म्हणजे दत्तक चालणार नाही, पोटचंच पोर हवं. किती स्वच्छ अर्थ लागला बघ! दहावीच्या मुलाने असा विग्रह केला असता ना, तर कान धरून सांगितलं असतं — गाढवा, मूल म्हणजे मूळ, मूलभूतमधलं मूल, मूलद्रव्यातलं मूल. सगळं येत होतं मला. पण त्या दिवशी मूल म्हटल्यावर दुसरं काही दिसेचना. सलिलच दिसला.

सलिल आमचा एकुलता एक. लांब नाही, इथेच घोडबंदर रोडला. पण दोन वर्षं या घरात पाऊल नव्हतं त्याचं. का म्हणजे — गाडी तो चालवत होता. कल्याणला लग्नाला निघालेलो, तुझ्या त्या शीळफाट्याच्याच अलीकडे डंपर मध्ये आला. सलिलला खरचटलंसुद्धा नाही, माझा हात मोडला, आणि भाऊंचं कमरेखालचं सगळं गेलं. हॉस्पिटलात शुद्धीवर आले ते म्हणाले, ह्याला माझ्यासमोर आणू नका. रागाच्या भरात रे. पण पोरगं तेवढंच धरून बसलं. आणि भाऊंचा स्वभाव तर असा, एकदा तोडलं की तोडलं. सगळ्यांना ठाऊक आहे, कुणालाही विचार.

तर मी भाऊंना कागद वाचून दाखवला. म्हटलं, सलिलच्या पेशी लागतायत. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तर म्हणाले, "बोलाव त्याला." मी म्हटलं, काय? "बोलाव गं. पेशी नाही दिल्या तरी चालेल. नुसता ये म्हणावं."

— हवा गेली का रे? ते टोक अजून फुगलेलंय. गुडघ्याने दाब जरा. हां.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दाढी. "गाल खरखरीत नको सरोज, पोरगं म्हणेल म्हातारा खंगला." शर्ट घालता येत नव्हता, तर इस्त्रीचा शर्ट छातीवर पांघरून पडायचे, गुंडी लावून, आणि दाराकडे तोंड करून वळव म्हणायचे. त्या कुशीची पाळी नसली तरी दाराकडेच. मी सांगायचे, शनिवारी येतो म्हणालाय. शनिवार गेला. म्हटलं, ऑफिसचं काम निघालं. पुढचा शनिवार गेला. म्हटलं, घोडबंदरचं ट्रॅफिक, अर्ध्यातून मागे फिरला. ट्रॅफिकच्या नावावर काय, काहीही खपतं. आणि भाऊ म्हणायचे, "असू दे, कामात असेल. सारखा फोन करून त्याला भंडावू नकोस."

काय बघतोस? नव्हता केला. फोन नव्हताच केला मी. एकदाही नाही.

गॅलरीत जाऊन उभी राहायचे फोन कानाला लावून, आत ऐकू जाईल असे दोन शब्द बोलायचे आणि परत यायचे. कशाला? आत्ता तुलाच म्हटलं ना मी, भाऊंनी तोडलं म्हणून — खोटं. भाऊंनी कधीच सोडून दिलेलं. मी नव्हतं सोडलं. दोन वर्षं लघवीची पिशवी मी बदलायची, ड्रेसिंगचा बोळा मी उचलायचा, वळवायचं मी, मोडलेल्या हाताने, आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं तो तिकडे विसाव्या मजल्यावर! मला वाटायचं, त्याने यावं. आपल्या पायांनी यावं, माझ्यासमोर रडावं, मग मी सांगेन की बाबा रे, तुझ्या बापाला तू लागतोयस. मी का बोलावू? एवढाच माज. आईचा असला की त्याला कुणी माज म्हणत नाही.

योगिनीचे दोन फोन आले. "काकू, काय ठरलं?" मी म्हटलं, मुलाचं अजून नक्की नाही. तिला काय वाटणार? सगळेच सांगतात ना डॉक्टरला, मुलाला विचारून कळवतो म्हणून. तिला वाटलं, ही बाई तशीच थांबलीय. चौथ्या आठवड्यात ताप चढला. हाडात उतरलेलं. ॲडमिट केलं, तेव्हा तिथे लॉबीत मी सलिलला फोन लावला. पहिला फोन. आणि योगिनीसमोर पदर पसरला, म्हटलं येतोय माझा मुलगा, काढा त्याच्या पेशी, हव्या तेवढ्या काढा. ती बघतच राहिली. म्हणाली, "काकू, मुलाच्या कशाला? काकांच्या स्वतःच्याच लागतात. पोटावरच्या चरबीतून घेतो आम्ही." पोटचं पोर नव्हतंच लागत रे. त्यांचंच पोट पुरलं असतं. सही करायची होती, बस. सलिल एका फोनवर आला. एका! घरातल्या बर्म्युड्यावर, पायांत वेगवेगळ्या चपला. तोवर भाऊंची शुद्ध गेलेली. तीन दिवस हात धरून बसला, त्यांनी डोळे उघडले नाहीत.

बरे झाले असते का? योगिनी म्हणते, सांगता येत नाही. माझ्यासाठी म्हणते बिचारी. म्हणून तुला सांगते, सही करायची की नाही ते तुझं तू ठरव, पण आधी तिच्यासमोर बस आणि म्हण, मला हा शब्द कळला नाही, सांगा. लाजू नकोस. मी लाजले नव्हते, मला कळल्यासारखं वाटलं होतं, ते जास्त वाईट.

आता रोज येतो सलिल, ऑफिसातून थेट. चहा घेतो, बसतो, आणि निघताना, चपला चढवता चढवता, खाली बघून एकच विचारतो — भाऊ माझ्याबद्दल काही बोललेले का गं शेवटी? त्याला वाटतं, बाप माफ न करताच गेला. तो झोपत नाही, त्याची बायको सांगते मला. आणि मला नुसतं म्हणायचंय, बोलाव म्हणाले होते. पण तेवढंच कसं सांगणार? मग तू का नाही बोलावलंस, हे आलंच की मागून. आणि मग तोही गेला म्हणजे? मला आता तेवढंच एक माणूस आहे. तरी आज सांगणार. भाऊंना जाऊन महिना झाला आज, पुरे झालं. तुला सांगितलं की नाही धडधडीत? जमलं ना? मग त्यालाही सांगतेच.

— बेल. तोच तो. ऊठ दिपेश, पट्टा बांध, मोटर पिशवीत घाल. अं? नाही, तू एक अक्षर बोलायचं नाहीस, तुझा काय संबंध? वडलांना नमस्कार सांग माझा. — ये रे सलिल. हे शीळफाट्याचे, गादी न्यायला आलेत, खालपर्यंत हात लाव जरा. — डोळे? थेंब घातलेत, मोतीबिंदूचे. — हो, भाऊंचंच चाललेलं. — काय? तुझ्याबद्दल? —

नाही रे राजा. काही नाही बोलले. जा, धर ते टोक, यांना लांब जायचंय.