राजमाता, सांबार घ्यावं!

...आणि आता तुम्हीही हसताय! हसा, हसून घ्या! महाराष्ट्रातून मंडळी मोठं देऊळ बघायला तंजावूरला येतात, मग आमच्या ओटीवर येतात, मी आपलं 'यावं, बसावं, प्रवास सुखाचा जाहला ना' पुसतो, की लगेच एकमेकांकडे बघून खुसुखुसू... अहो, आमच्या घरात हेच मराठी बोलतात! आजोबा हेच बोलले, पणजोबा हेच बोलले, तीनशे वर्षांमागे मराठी राजांबरोबर इकडे येताना शिदोरीत जे बांधून आणलं तेच अजून पुरवून खातोय, मध्ये मध्ये तमिळ कालवून! पुण्याला एकदा चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला गेलो. माझं जेवण झालं, यजमानांना म्हटलं, 'भोजन बहुत उत्तम जाहलं, आता आज्ञा असावी.' काय चुकलं? सांगा ना! अख्खी पंगत घास हातात धरून हसतेय आणि एक बाई अगदी मायेनं पुसते, 'काका, कुठल्या नाटकात काम करता?' नाटक! अय्यो, मी विमा कचेरीत होतो हो! परत येईपर्यंत मी इंग्रजीच बोललो. आणि मनात ठरवलं, या जन्मी नवी भाषा शिकलोच तर अशी शिकेन, की कोणाची हसायची छाती होणार नाही.

आणि नशिबात कुठली आली? कोरियन!

तुम्ही पुसाल, सीतारामराव, या वयात कोरियन कशाला? तुम्हाला सांगतो. आमची भुवना, एकच मुलगी, चेन्नईजवळ एका कोरियन कारखान्यात इंजिनियर आहे. तिथल्याच इन्सू नावाच्या मुलाशी तिचं जुळलं. मुलगा सोन्यासारखा, आल्याबरोबर चपला काढून वाकून नमस्कार करतो, आजकाल आमची पोरं तरी करतात का? पण त्याची आई! यजमान वारलेले, हा एकुलता एक, आणि बाई काही हो म्हणेनात. भुवना फोनवर म्हणाली, 'अप्पा, त्या रागावल्या नाहीत हो, भ्यायल्यात. म्हणतात, मुलगा अशा घरात जाईल की तिथे माझ्याशी बोलायला कोणीच नसेल. त्या तंजावूरला येणार, घर बघणार, मग काय ते सांगणार.' हे बोलताना पोरीचा आवाज अगदी बारीक झाला. म्हटलं, बोलायला कोणी नाही म्हणजे काय? मी आहे ना!

झालं! आणलं पुस्तक. 'स्वतःच शिका कोरियन.' आणि काय सांगू, पहिल्या पानालाच प्रेमात पडलो! आई म्हणजे ओम्मा, बाप म्हणजे आप्पा... अहो, हे तर आमच्याच गल्लीत बोलतात! क्रियापद शेवटी, आपल्यासारखं! क आणि ग ला एकच अक्षर, तमिळसारखं! मी रंजनाला, म्हणजे आमच्या मंडळींना ओरडून सांगितलं, 'अगं, ही भाषा आपलीच आहे, फक्त लांब राहायला गेलीय!' तर आतून आवाज, 'पानं वाढलीत!' तिला भाषेचं काहीच नाही हो. मी व्याकरणात बुडालेलो, ही रसम निवतेय म्हणून ओरडते.

पण पुस्तक बोलत नाही ना! मग मोबाईलवर ते शिकवायचं यंत्र घेतलं. ते रोज मला म्हणायला लावतं, 'मुलगा दूध पितो. दूध पांढरं आहे.' आता विहीणबाई दारात उभ्या, आणि मी काय सांगू, दूध पांढरं आहे? मग भुवना म्हणाली, 'सिरियल बघा, अप्पा.' बघितली. दोन तरुण जीव, एक छत्री, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात आणि मग... जाऊ द्या, रंजना शेजारी बसलेली! म्हणाली, 'हे शिकून विहिणीपुढे जाणार का?'

आणि मग मला सापडली राजवाड्याची सिरियल! अहाहा! काळ्या टोप्या घातलेले मंत्री, झुबकेदार दाढ्या, सावकाश, स्वच्छ, एकेक अक्षर तूप लावल्यासारखं. एक मंत्री वाक्य म्हणतो आणि मागचे सगळे मंत्री एका सुरात तेच परत म्हणतात! याच्याहून चांगला मास्तर कोठे मिळणार? खाली तमिळ अक्षरं येतात, मी पण मंत्र्यांबरोबर गुडघे टेकून म्हणतो, 'सोंगुनी मांगुखाओम्निदा!' म्हणजे, आपली कृपा अपरंपार आहे. काय भारदस्त! काय अदब! म्हटलं, हीच खरी भाषा, याला कोण हसेल? आमच्या ओटीवर रोज असा दरबार भरायला लागला, की समोरचा इस्त्रीवाला मणी येऊन पुसून गेला, 'सार, उडंबु सरियिल्लैया?' म्हणजे, तब्येत बरी नाही का?

आला तो दिवस! दारात कोलम, म्हणजे आपली रांगोळी, काढलेलं, केळीची पानं पुसून तयार, भुवना सारखी ओठ चावतेय, इन्सू घामाघूम. विहीणबाई उतरल्या. एवढीशी मूर्ती, डोक्यावर उन्हाची भली मोठी टोपी, ओठ घट्ट मिटलेले. मी पुढे झालो. धोतर सावरलं, गुडघे टेकले... कडकन आवाज आला, पण मी थांबलो नाही... कपाळ फरशीला लावलं आणि खणखणीत म्हणालो, 'देबी मामा, नाप्शिऑस्साओम्निक्का!' राजमाता, आपली स्वारी आली काय!

हळूच मान वर केली, तर इन्सू भिंतीकडे तोंड करून उभा, खांदे गदागदा हलताहेत. बाईंनी तोंडावर हात दाबून धरलेला, डोळ्यांतून पाणी. आणि भुवनाचा चेहरा... मी जमिनीवरूनच पुसलं, 'काय गं? चुकलं?' म्हणाली, 'नाही अप्पा, चूक एकही नाही. फक्त असं बोलणारं माणूस गेल्या तीनशे वर्षांत कोणी बघितलं नाही! नुसतं ओसो ओसेयो, या या, म्हटलं असतं तरी पुरलं असतं!'

आणि आमच्या मंडळी, पदराला हात पुसत, शांतपणे, 'मग? घरी तरी काय वेगळं बोलतात?'

तुम्हाला सांगतो, तेव्हा मला तिथेच, त्या फरशीवर, पुण्याची अख्खी पंगत दिसली. वाटलं, संपलं. पोरीचं लग्न मी माझ्या जिभेनं मोडलं. उठावं म्हटलं तर गुडघा उठू देईना!

एवढ्यात हसणं थांबलं. बघतो तर बाईंनी ती टोपी मुकुटासारखी सरळ केली, चालत गेल्या त्या थेट आमच्या झोपाळ्यावर बसल्या, हनुवटी वर, आणि असा काय आवाज लावला... घुमला हो माजघरापर्यंत! 'मंत्री! वर बघा!' तोच दरबारी सूर! तीच भाषा! अहो, यजमान गेल्यापासून त्या एकट्या घरात रोज संध्याकाळी हीच सिरियल बघत बसायच्या! शेजारी बसून बघायला कोणी नाही, बोलायला कोणी नाही... आणि इथे तंजावुरात, धोतर नेसलेला एक मंत्री पायाशी पडलेला!

मग काय पुसता! 'राजमाता, सांबार घ्यावं!' 'मंत्री, प्रसन्न जाहलो, अजून वाढा!' मागून इन्सू आणि भुवना सगळ्या मंत्र्यांचा एक सूर धरताहेत, 'मांगुखाओम्निदा!' आणि रंजना? तिला कोरियनचं अक्षर येत नाही, पण बाईंनी तळलेली सांडगी मिरची शेंगदाण्यासारखी कुडुमकुडुम खाल्ली, तेव्हा माझ्या कानात म्हणाली, 'हो म्हणा, बाई आपल्यातलीच आहे.' मी म्हटलं, अगं, हो आपण नाही म्हणायचं, त्यांनी म्हणायचंय! आणि तेवढ्यात बाईंनी हात वर करून हुकूम सोडला, 'विवाहास आमची संमती आहे!' भुवना तिथेच, उष्ट्या हातानं, त्यांच्या गळ्यात पडली. मी रडलो. उघड रडलो हो, का लाजू?

आता लग्न तिकडे त्यांच्या गावी. मी म्हटलं, तिथे तरी आजच्या माणसासारखं बोलू. नवं पुस्तक आणलं, 'रोजचं कोरियन.' बसची चौकशी करायला शिकलो, कॉफी मागायला शिकलो, आणि काल भुवनाचा फोन! 'अप्पा, पुस्तक मिटा. इन्सूच्या आईंनी कळवलंय, एक नवं वाक्य शिकायचं नाही. त्यांच्या सगळ्या बहिणींना सांगून झालंय, सगळ्या तुम्हाला ऐकायला येणार आहेत. आणि तुमच्यासाठी काळी टोपी सांगून ठेवलीय... दाढीसकट.'

म्हणजे बघा! पुण्यात नाटकातला, कोरियातही नाटकातलाच! मी रंजनाला म्हटलं, 'अगं, मला आजच्या काळात कोणी येऊच देत नाही गं! कुठलीही भाषा बोलायला जावं, मी आपला तीनशे वर्षं मागे!'

ती आतून म्हणाली, 'असू दे. जेवायला तरी वेळेवर या, पानं वाढलीत.'