शालनच्या हातचा चहा आणि शंभरचा काटा

मंडळी, ऐका! टाळकरी, जरा दम घ्या. मागचे पुढं सरका, सतरंजी काही चावत नाही! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे — जो आपल्याशी खोटं बोलतो, तो आपला वैरी की सोयरा?

वैरी? सगळेच वैरी म्हणता? बरं! मग तुमच्या मोटरसायकलवर, अगदी नाकासमोर बसलेला तो स्पीडचा काटा — तो कोण? हसू नका! तो रोज खोटं बोलतो! साठ दाखवतो तेव्हा गाडी असते पंचावन्नच्या आसपास. बिघाड नाही बरं का, कंपनीच तसा बसवते! जास्त दाखवला तर चालेल, कमी दाखवायचा नाही, असा दंडकच आहे. का आहे? दम धरा, तिथंच यायचं आहे.

तर पिंपरणी नावाचं गाव. गावात शिवदास ढमाळ. गडी सोन्यासारखा, पण जिभेला एकच चव — शंभर! "साताऱ्यास्नं निघालो, शंभरनं आलो." "दळण आणायला गेलो, शंभरनं गेलो." अहो, दळण! पीठ उडालं असेल निम्मं वाटेत! गाव त्याला शंभरेच म्हणायचं.

एके दिवशी शिवदास बायकोला, शालनला, माहेराहून आणत होता. खिंडीच्या उतारावर नवा बोर्ड लावलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा स्पीड लाल आकड्यात दाखवणारा बोर्ड! शिवदासनं मूठ पिळली. काटा शंभरावर. "बघ, शालन! शंभर!"

शालन साधी बाई. मान वर करून म्हणाली, "अवो, त्यो बोर्ड तर ब्याण्णव म्हंतोय."

संपलं! मंडळी, बाई एवढंच बोलली हो! पण वीस वर्षांच्या शंभरातले आठ गेले! नाक कापलं तरी माणूस एवढा तडफडत नाही. घरी न जाता गडी थेट भैरोबाच्या पायरीवर, आणि हात ठेवून ओरडला, "भैरोबाची आण! त्या बोर्डावर शंभर उमटंल, तवाच हिच्या हातचा च्या पिईन!"

देवळात गुरव होता, त्यानं ऐकलं. चार रिकामटेकडे होते, त्यांनी ऐकलं. शालननंही ऐकलं आणि म्हणाली, "बरं."

बायांनो, तुम्ही का हसता ते मला कळलं! घरच्या बाईनं भांडण केलं तर भिऊ नये. "बरं" म्हणाली की भ्यावं!

दुसऱ्या दिवसापासून ढमाळांच्या चुलीवर एकच कप चहा. आता तुम्ही म्हणाल, महाराज, हॉटेलात प्यावा की! प्यायला. पण मंडळी, प्रश्न चहाचा नव्हताच. त्या दोघांचं जे काही बोलणं व्हायचं ना, ते त्या सकाळच्या कपावरच व्हायचं. म्हैस कधी विणार, थोरलीला कॉलेजात कुठं घालायची, रात्री स्वप्नात कोण आलं — सगळं तिथं! कप गेला आणि बोलणंच गेलं. पहाटे आलं ठेचल्याचा आवाज यायचा, आणि हा गडी गोधडीत डोळे उघडे ठेवून पडायचा. पण उठून "चुकलो" म्हणेल? छे! शंभरे ना तो!

लागला गडी तयारीला. गफूर मेस्त्रीनं आरसे काढले, मडगार्ड काढलं. काटा एकशे एक, बोर्ड त्र्याण्णव! शिवदास टाकीवर पालथा झोपला. चौऱ्याण्णव! कोणी म्हणालं, मिशीला वारं अडतं. मंडळी, तीन पिढ्यांची राखलेली मिशी — भादरली! बोर्ड? चौऱ्याण्णवच! मिशी फुकट गेली.

तोवर बोर्डाखाली जत्रा भरली होती. लोक पोती अंथरून बसायचे, शेंगा फोडायचे. एकानं चहाचा गाडाच आणून लावला. कीर्तनाला बोलावलं तर गुडघे दुखतात, तिथं बरे टळटळीत उन्हात बसायचे!

मग यष्टीवरचे जुने ड्रायव्हर, गणपतआबा, खोकत म्हणाले, "येड्यांनो, हलकी कशापायी करताय? उतारावर भरल्याली यष्टी पळती, रिकामी न्हाई. वजन पायजे!"

ज्वारीचं पोतं बांधलं, ते पहिल्याच वळणाला पडलं. घट्ट धरून बसणारं वजन पाहिजे होतं. सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं आणि सगळ्यांनी शिवदासकडं बघितलं.

शिवदास घरी गेला. उंबऱ्यात उभा राहिला. कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं, आणि काय बोलला असेल? "शालन, येतीस का? वजन म्हणून."

अहो, हसता काय! बायकोला असं बोललेला नवरा मी तरी दुसरा ऐकला नाही! पण शालननं पदर खोचला. म्हणाली, "चला. एकटं पडलासा तर उचलाय कोन येनार हाय?"

निघाली गाडी खिंडीतून! काटा नव्वद... शंभर... एकशे चार! हँडल थरथरायला लागलं. डोळ्यांतून पाणी, कानात नुसता घोंगाट. मंडळी, शिवदासला तेव्हा पहिल्यांदा कळलं — शंभर म्हणजे हे? हे तर आपण कधी पाहिलेलंच नाही! जन्मभर ज्याच्या बढाया मारल्या, त्या गावाला आपण कधी गेलोच नव्हतो! काटा एकशे सात. बोर्ड समोर. आता फक्त मूठ तशीच धरायची, एवढंच काम.

आणि त्याच्या पोटावर शालनचा हात होता. बाई ओरडली नाही, "थांबा" म्हणाली नाही. नांगी उगारलेला विंचू चपलेनं चेचणारी बाई ती! तिचा हात त्याच्या शर्टावर लटलट कापत होता.

शिवदासनं मूठ सोडली, ब्रेक आवळला.

बोर्डावर आकडा आला — एक्केचाळीस! पब्लिक ओरडलं, "हाऽऽत् तुझ्या!" शेंगांची टरफलं उडाली. शिवदास उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "गाववाल्यांनो, मी जल्मात कधी शंभरनं गेलो न्हाई. आन् हिला बसवून मला जायाचं बी न्हाई. खोटं बोललो."

गुरव उठला. "आन् भैरोबाची आण? आता जल्मभर हिच्या हातचा च्या न्हाई!" देवाची आण, हो! गावात राहायचं आहे माणसाला!

शालन तोवर चहाच्या गाड्यावर गेली होती. गाडेवाल्याला म्हणाली, "सरक." स्वतः आलं ठेचलं, चहा उकळला, कप भरला आणि गुरवासमोरून नेत म्हणाली, "आण ह्यांनी घेतली. च्या माझ्या हातचा हाय. माझा हात कुनाच्या आणेला बांधल्याला न्हाई. भैरोबाला काय बोलायचं आसंल तर मला बोलू द्या."

भैरोबा काही बोलला नाही. गुरव तर मुळीच नाही.

शिवदासनं कप घेतला. निम्मा अंगावर सांडला, निम्मा प्यायला. शालननं विचारलं, "कसा झालाय?"

"झ्याक! एक नंबर—" म्हणता म्हणता थांबला गडी. तिच्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "साखर कमी हाय."

शालन खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी हसली हो!

आता सांगा — काटा वैरी की सोयरा? अहो, तो तुम्हाला जास्त दाखवतो, ते तुम्ही भ्यावं म्हणून, मूठ सैल सोडावी म्हणून! जीव वाचवायला त्यानं खोटेपणा पत्करला. आणि आपण? त्याच आकड्याची फुशारकी करून गावभर मिरवलो! काट्यात खोट नाही, मंडळी. वाचणाऱ्यात आहे. आणि असला काटा काय फक्त गाडीलाच असतो? दान केलं पाच रुपयांचं, आतला काटा दाखवतो पन्नास. आईची विचारपूस केली वर्षातून दोनदा, काटा म्हणतो रोज! तो काटा कुठल्या कंपनीनं बसवला? सांगा ना! आता का माना खाली?

घरी गेल्यावर तुम्हाला बायको विचारेल, "कीर्तनात काय झालं?" तिला शालनची गोष्ट सांगाल, हे मला ठाऊक आहे. सांगा. पण सांगून झाल्यावर उठून जाऊ नका. तिला विचारा, "माझा काटा किती जास्त दाखवतो गं?"

आणि ती "बरं" म्हणाली, तर तिथंच हात जोडा. म्हणा, विठ्ठल विठ्ठल!