लवूच्या तोंडाचे मुसके

पुन्हा पुन्हा विचारता म्हणून पुन्हा सांगतो, मी त्या कारकुनाला मारलेले नाही. नाव आधी लिहावे लागते असे हवालदार म्हणतात, तर लिहा. कुशाबा सखाराम घाग, वय २५, शिक्षण मराठी दुसरी, धंदा कोयना धरणाच्या कामावर ड्रिल मारणे, बिऱ्हाड करी रोडच्या चाळीत, खोली नंबर १७. आज दिनांक ११ नोव्हेंबर १९५७ रोजी समक्ष हजर राहून सांगतो की,

माझी बायको कमल ही मिलमध्ये वाइंडिंग खात्यात आहे. आमचा मुलगा लवू, वय दोन वर्षे, तिच्या पाळीत मिलच्या पाळणाघरात असतो. तो चावतो. दोन पोरांना चावला, एकाच्या गालावर वळ उठले, हे मला मान्य आहे. तिथे पस्तीस पोरांना एक बाई, कालिंदीबाई. त्या शिकलेल्या आहेत. त्यांनी इलाज काढला तो असा की, चिंधीचे दुपदरी मुसके शिवून पोराच्या तोंडाला लावायचे, मागे नाडी बांधायची. दोन तासांनी दुधाच्या वेळी सोडायचे, परत बांधायचे. शिलाई चांगली आहे. दीड महिना हे चालले. कमलने मला कळवले नाही. पाळणाघरातून नाव काढतील म्हणून भ्यायली. पोर काखेत घेऊन मशीनवर उभे राहता येत नाही.

मी शनिवारी संध्याकाळी रजेवर आलो. गणपतीत आलो होतो तेव्हा मी लवूच्या तोंडात बोट द्यायचो, तो चावायचा, मी ओरडायचो, तो हसायचा. दिवसातून वीस वेळा. दुसरा खेळ मला येत नाही. शनिवारी मी बोट पुढे केले. त्याने तोंड मिटून घेतले आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मला समजले नाही. कमल म्हणाली, नाडी बांधायला तो तसाच उभा राहतो. मग म्हणाली, "चावायला तुम्हीच शिकवलंत." मुसके तिने धुवायला घरी आणले होते.

आज सकाळी दहा वाजता ते खिशात घालून मी मिलच्या ऑफिसात गेलो. साहेब नव्हते. कारकून हेमचंद्र कीर्तिकर, राहणार गिरगाव, हे होते. त्यांनी टाक खाली न ठेवता ऐकले आणि म्हणाले, "वासराला नाही का बांधत? दोन तासांनी कोणी मरत नाही." गिरगावातल्या माणसाने वासरू कॅलेंडरवर पाहिलेले असते. वासराला बांधतात ते गाईचे दूध आपल्याला उरावे म्हणून. हे मी त्यांना सांगितले. त्यांना वेळ नव्हता.

म्हणून मी मुसके त्यांच्या तोंडाला लावून पाहिले. ते लहान झाले. नाडी पुरली नाही, हाताने धरावे लागले. भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटेही झाली नाहीत, तोच त्यांनी शिपायाला हाक मारली. दोन तासांचे बोलणारा माणूस. दौत त्यांच्याच हाताने सांडली.

संयुक्त महाराष्ट्र समितीचा आहेस काय, असे मागून आलेल्या मिलच्या साहेबांनी विचारले. मी डोंगरात काम करतो, मोर्चा पाहिलेला नाही.

मिलचे म्हणणे असे की, माफी लिहून दिल्यास तक्रार मागे घेऊ आणि लवूचे नाव ठेवू. मुसके राहणार काय, असे मी विचारले. ते बाई ठरवतील, म्हणाले. कमल खाडा करून बाहेर बाकावर बसली आहे. ती म्हणते, द्या लिहून. मी देत नाही. नाव काढा.

शेजारी गंगुबाई आहे, सात पोरे वाढवलेली. लिहिता येत नाही. काल तिने लवूच्या हातात वाळल्या भाकरीची कड दिली आणि म्हणाली, "हे चाव, बाबा. हे आपलंच आहे." त्याने आधी माझ्याकडे पाहिले. मग चावला. उद्यापासून तो तिच्याकडे राहील.

हवालदारांनी सगळे वाचले, मी कान देऊन ऐकले, बोललो तेच लिहिले आहे, सही करतो. मुसके तुमच्याकडे जमा आहे ते परत नको. कोयनेहून गंगुबाईच्या नावाने मनिऑर्डर येईल, दर महिन्याला पंधरा रुपये.